आत्ताच जेवलो

३ जानेवारी

गादी मध्येच अडकली. खालून नाना ओरडत होते, दोर सोडू नका. वरून मी ओढत होतो. समोरच्या बाल्कनीतल्या बाई सांगत होत्या की आधी गोल गुंडाळायला हवी होती, अन् इतका शिकलेला माणूस. शेवटी गादी कठड्यावरून आत आली आणि तिच्याखाली मी. गल्लीत टाळ्या पडल्या.

परदेशीपुऱ्यातलं हे घर दोन मजली आहे. खाली घरमालक, वर माझी एक खोली, मोरी आणि गच्चीचा तुकडा. नानांचे वडील कापड गिरणीत कारकून होते, नाना स्वतः रेल्वेतून निवृत्त झाले. तीन पिढ्या इंदूरला काढल्यावर मराठीचं जे होतं ते त्यांच्या मराठीचं झालं आहे. मला म्हणाले, "स्वानंदराव, जरा आराम करून घ्या, मग जेवायला नीचे या. भिंडी बनली आहे." मी नको म्हणालो. पुन्हा बोलावलं, पुन्हा नको म्हणालो. मग शोभनाकाकू जिन्यात येऊन ओरडल्या तेव्हा गेलो. सांगलीत आमच्या घरी पहिल्या बोलावण्याला हो म्हणणं हावरटपणाचं समजतात. इथे आग्रहाला तोटा नाही, त्यामुळे अडत नाही.

जेवताना सुनेची ओळख झाली. घरात तिला उर्वी म्हणतात. मूळ नाव बुंगान. ती बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागातली, दायाक समाजातली. नानांचा मुलगा सुजय तिथे पाम तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्न तिथे झालं, मग इथे पुन्हा विधीने, आणि तेव्हा ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहिलं. सुजयचा करार संपेपर्यंत ती सासू-सासऱ्यांजवळ राहते. तिकडे ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तेलाची आम्लता कशी काढता यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. काकू म्हणाल्या, बाई गं, जेवताना तेजाब कशाला.

छान घर आहे. झोप छान लागेल.

६ जानेवारी

सांवेर रोडवर कामाला लागलो. कारखान्यात सोयाबीनचं आणि पामचं तेल शुद्ध होतं, प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. हाताखाली शिखा नावाची मुलगी आहे, अखंड बोलते. पहिल्या दिवशी मला विचारलं की सर, पोहे फक्त सकाळी की शामला पण, इंदूरमध्ये हे आधी ठरवावं लागतं.

आईचा फोन आला. जेवलास का? जेवलो नव्हतो. आत्ताच जेवलो म्हणालो, नाहीतर ती काळजी करत बसते. मग उठून जेवायला गेलो.

कोपऱ्यावरच्या गाडीवर गराडू तळतात. कंद आहे, वर मसाला आणि लिंबू. गाडीवाल्याने माझं नाव विचारलं आणि पुढच्याला सांगितलं, भिया को जगह दो, महाराष्ट्र से आए हैं. मी दोनदा घेतलं.

१० जानेवारी

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. तसं काही झालेलं नाही.

सुजयने कोणाबरोबर तरी तांदूळ पाठवले होते, उर्वीवहिनींच्या गावचे, नव्या पिकाचे. सकाळी काकू देवळात गेल्या होत्या, नाना बँकेत. मी जिना उतरत होतो तेव्हा वहिनींनी हाक मारली. हातात केळीच्या पानात बांधलेला भात होता, वाफ येत होती. नव्या भाताचा पहिला घास छपराखालच्या परक्या माणसाला द्यायचा, मग घरच्यांनी खायचं, अशी त्यांच्या गावची रीत. हे त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत नीट सांगितलं.

मला भूक होती. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. पण पानाला एक उग्र वास येत होता, आणि माझ्या मनात आलं की यात काय घातलं असेल कोण जाणे. हे लोक काय काय खातात असं समोरच्या इंदुमतीबाई परवाच गल्लीत सांगत होत्या. मी हसून म्हणालो, "नको वहिनी, आत्ताच जेवलो."

त्यांनी आग्रह केला नाही. मी चपला घातल्या आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर मागून पावलं वाजली. वहिनी अनवाणी पळत येत होत्या. मूठ उघडली, तिच्यात थोडी शितं होती. खाऊ नका, म्हणाल्या, फक्त हात लावा आणि ओठांना लावा, पण असे जाऊ नका. "आमच्याकडे ऐसे नहीं जाते, भैया." मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्यांनी शितं बोटावर घेऊन माझ्या ओठांकडे आणली.

मी मागे सरलो. इतक्या जोरात की उभ्या स्कूटरवर आपटलो. शितं खाली पडली.

बाल्कनीतून इंदुमतीबाईंचा आवाज आला. "क्या बात है सूनबाई! नवरा समुद्रापार, अन् घास भाडेकरूला?" दोन-तीन दारं उघडली. कोणीतरी हसलं.

मीही हसलो. हे लिहायला लाज वाटते. खांदे उडवून म्हणालो, काय माहीत यांना काय झालंय. वहिनी रस्त्यावर बसून एकेक शीत वेचत होत्या.

१२ जानेवारी

नानांनी खाली बोलावलं. इंदुमतीबाई येऊन सांगून गेल्या होत्या. नानांना विचारायला जड जात होतं. टीव्हीचा आवाज कमी केला, पुन्हा थोडा वाढवला. म्हणाले, "स्वानंदराव, बात काय झाली, तुम्हीच सांगा. लोक तर काहीही बोलतात."

एक वाक्य पुरलं असतं. त्या त्यांच्या रीतीने घास देत होत्या आणि मी उपाशी असून खोटं बोललो. पण मग का खोटं बोललो हेही आलं. तुमच्या सुनेच्या हातचं मला किळसवाणं वाटलं, हे तिच्या सासऱ्याला त्याच्याच घरात कसं सांगणार?

मी म्हणालो की वहिनी एकदम मागे धावत आल्या, मला काही समजलं नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

नाना मान हलवत राहिले. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती थांबली होती.

निघताना काकू म्हणाल्या, त्यात नुसता भात होता रे, अन् नारळ. पान तव्यावर करपलं म्हणून वास आला असेल.

१४ जानेवारी

संक्रांत. संध्याकाळी गल्लीत सगळे एकमेकांना तिळगूळ देत होते. इंदुमतीबाईंसमोर मीच हात पुढे केला, वाटलं विषय संपेल. त्यांनी डबा मागे घेतला आणि हसल्या. "लालची हो गए भिया! सकाळी घेऊन गेलात की. अन् काय गोड बोलले!"

सकाळी मी कारखान्यात होतो. म्हातारपण, असं म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही. सकाळी आला होतात ना. पाया पडलात ना.

कोणीतरी माझी गंमत करतंय.

१७ जानेवारी

कँटीनमध्ये ताट मागितलं तर वाढपी म्हणाला, साहब, अभी तो खा के उठे हो. मी म्हणालो मी आत्ताच लॅबमधून येतोय. त्याने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. उष्टं ताट पडलं होतं. कढीलिंब काढून कडेला ओळीने लावला होता. मी तसाच लावतो.

शिखाला विचारलं. ती म्हणाली, "सर, मजाक मत करो. कल तो मेरे डब्बे में से भी दाल-बाफले खा गए, और बोले तुम्हारी मम्मी को सलाम बोलना." तिला ते आवडलेलं दिसलं. म्हणाली, पहले आप कितना शरमाते थे.

मग माझ्याकडे नीट पाहिलं. तबीयत बरी नाही का, सकाळी तर ठीक होतात.

मी काल तिच्याशी कामापलीकडे एक शब्द बोललेलो नाही.

२० जानेवारी

बाहेर मिळत नाही म्हणून खोलीवर खिचडी लावली. शिट्या मोजत शेगडीशेजारीच बसलो होतो. उठलो नाही, डोळा लागला नाही. झाकण उघडलं. कुकर आतून चाटून पुसल्यासारखा स्वच्छ. मोरीत माझी थाळी धुऊन पालथी घातलेली, पाणी निथळत होतं.

केळी आणली आणि दुकानासमोर उभं राहूनच खाल्ली. चावली, गिळली. घशाखाली काही उतरलं असं वाटलं नाही. भूक होती तेवढीच राहिली. दुसरीकडे कुठेतरी कोणाचं तरी पोट भरल्यासारखं.

पाणी चालतं. पाणी खरं उतरतं.

आईला फोन करून सांगावं असं वाटलं. तिने उचलला आणि आधी विचारलं, जेवलास का. मी म्हणालो, हो, आत्ताच. सवयीने म्हणालो. फोन ठेवल्यावर भिंतीशी बसून राहिलो.

२२ जानेवारी

उर्वीवहिनी गच्चीत कपडे वाळत घालायला आल्या. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी दारात उभा होतो. माझ्याकडे पाहून त्यांनी हातातली चादर खाली ठेवली.

म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवसांत इतके बारीक? पण नीचे तर..." आणि थांबल्या.

मी सांगितलं. सगळं नाही. जेवण मिळत नाही एवढं.

त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही जेवले नव्हते ना? मी मान हलवली. "फिर काहे बोलले?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कठड्याला टेकून सांगितलं. त्यांच्या गावी अन्न नाकारायचं असेल तरी बोट लावून जायचं असतं. न लावता गेला तो पडतो, त्याला साप चावतो, झाड अंगावर येतं. त्यासाठी न्यायही असतो. गावचे वडीलधारे बसतात. ज्याने नाकारलं त्याला काही झालं तर देणाऱ्यालाही विचारतात, तू त्याला तसं जाऊ का दिलंस? म्हणून त्या पळाल्या होत्या.

पण तुमचं वेगळं झालं, म्हणाल्या. तुम्ही नुसतं नको नाही बोलले. तुम्ही बोलले, जेवलो. नव्या भातासमोर बोलले. "तो कोणीतरी तर जेवला ना. जो जेवला तो आता आहे. तुम्हीच त्याला बनवला."

उपाय आहे. स्वतः यायचं. घरच्यांसमोर सांगायचं की मी उपाशी होतो आणि खोटं बोललो, आणि का बोललो. मग त्याच हातून खायचं. त्यांनी ते तांदूळ तसेच बांधून ठेवले आहेत, घरात कोणाला खाऊ दिलेले नाहीत.

मी म्हणालो, इथेच सांगतो, तुम्हाला. त्या म्हणाल्या, मला तर माहीत आहे.

चादर झटकून दोरीवर टाकली आणि खाली गेल्या.

२४ जानेवारी

खाली गेलो. ठरवून गेलो. वाक्यं पाठ केली होती.

नाना बातम्या पाहत होते. काकू मटार सोलत होत्या. वहिनी दाराआड उभ्या होत्या, त्यांनी मला पाहिलं. मी खुर्चीवर बसलो. नाना म्हणाले, बोला स्वानंदराव.

मी विचारलं, पाण्याची टाकी भरते का नीट आजकाल.

नानांनी टाकीबद्दल सांगितलं, नर्मदेच्या पाण्याबद्दल, नगरनिगमबद्दल. मी ऐकलं. काकूंनी मटारची ताटली पुढे केली नाही. म्हणाल्या, मघाशी मुठी भरून खाल्लेस, आता शाम की भाजी पुरू दे.

वर येऊन पट्टा आवळला. नवं भोक पाडावं लागलं.

२५ जानेवारी

जिन्यात उभा राहून ऐकलं. खाली जेवणं चालली होती. नाना काहीतरी किस्सा सांगत होते. काकू म्हणाल्या, अजून एक पोळी. आणि माझा आवाज म्हणाला, "वाढा काकू, तुमच्या हातचं सोडायचं कसं." सगळे हसले.

मी आत गेलो नाही. आत माझी जागा भरलेली होती. आणि तो माझ्यापेक्षा बरा बोलत होता.

खाली ताटं उचलल्याचा आवाज येईपर्यंत पायरीवर उभा होतो. मग वर आलो. आपल्याच आवाजाला घाबरून लपलो, हे कोणाला सांगायचं.

२७ जानेवारी

सुजयचा फोन आला होता. गल्लीतलं त्याच्यापर्यंत पोचलं. काय बोलणं झालं माहीत नाही. वहिनींना देपालपूरला पाठवताहेत, हरीकाकांकडे. हरीकाका नानांचे धाकटे भाऊ, तिथे धान्याची अडत आहे. थोडे दिवस, असं काकू म्हणाल्या. बोलणारे विसरेपर्यंत.

रिक्षा आली. वहिनींजवळ एक बॅग आणि कापडात बांधलेलं गाठोडं होतं. तांदूळ असणार. त्यांनी वर पाहिलं.

मी कठड्यामागे बसलो.

एक वाक्य होतं. रिक्षा वळेपर्यंत वेळ होता.

इंदुमतीबाई कोणाला तरी म्हणाल्या, चला, गल्ली साफ झाली.

२९ जानेवारी

कामावर गेलो नाही. शिखाचा फोन: सर, आपने जो रिपोर्ट दिया, बड़े साहब खुश हैं.

म्हणजे तो गेला होता.

चालताना भिंत धरावी लागते. आरशात पाहत नाही.

३१ जानेवारी

पाहिला. चौकात, पोह्यांच्या दुकानासमोर. पाठमोरा. माझा निळा शर्ट, खांद्यात भरलेला. लोक त्याला जागा करून देत होते. कोणीतरी त्याच्या हातात दुसरी प्लेट दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. नको म्हणाला नाही.

मला राग यायला हवा होता. लाज वाटली. वाटलं, आईला असा मुलगा हवा होता.

तो वळायच्या आत मी –

१ फेब्रुवारी

भूक आता दुखत नाही. फक्त लाज दुखते. ती पोटातच असते, तिथेच –

देपालपूर. उद्या. नानांसमोर नाही तर हरीकाकांसमोर. तेही घरचेच. सांगायचं. हातून खायचं. एवढंच तर आहे.

एवढंच होतं.

२ फेब्रुवारी

देपालपूर. बसस्टँडवर लिहितो आहे.

अडतीवर गव्हाची पोती, पलीकडे घर. हरीकाका ओट्यावर होते. मला पाहून उठलेच. "अरे, परत? काही विसरलात का?"

मी –

सकाळीच येऊन गेलात, म्हणाले. ओट्यावर सगळ्यांसमोर बसलात, हात जोडून सगळं सांगितलंत. उपाशी होतो, खोटं बोललो, सुनेच्या हातचं नकोसं वाटलं, तिची बदनामी होऊ दिली. एक गोष्ट लपवली नाही. नानांना फोन लावून त्यांनाही सांगितलंत. मग सुनेच्या हातून भात खाल्लात. रडलात. काकी, म्हणजे हरीकाकांची बायको, तीही रडली. "ऐसा आदमी हमने नहीं देखा, भिया. गलती सब करतात, पण असं बोलतो कोण?"

माझी वाक्यं. मी पाठ केलेली.

तो मी नव्हतो, हे म्हणायचं होतं. म्हणायचं तर मग मी कोण, मी काय केलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून, पोत्यांवरचे हमाल ऐकत होते, काकी दारात – आणि तो सगळं छान सांगून गेलेला. मी ओट्याखालीच उभा राहिलो.

वहिनी बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं. पायांपासून वरपर्यंत. त्यांना कळलं. त्या एकट्यांना. चेहरा पांढरा पडला. आत गेल्या.

परत आल्या त्या हातात पातेलं घेऊन. रिकामं. सगळा भात त्याने – तळाशी खरवडलेलं. त्यांनी नखाने खरवडलं, पुन्हा खरवडलं. एक शीत निघालं. करपलेलं. ते बोटावर घेऊन आल्या. अनवाणी.

काही बोलायचं नाही, म्हणाल्या. सांगायचं पण नाही आता. फक्त तोंड उघडा. भैया, फक्त –

हरीकाका पाहत होते. हमाल थांबले होते. काकी म्हणाली, अगं सकाळी खाल्लं ना त्यांनी, अजून काय भरवतेस, लोक बघताहेत.

बोट ओठांपाशी आलं. करपल्याचा वास. माझ्या पोटात काहीतरी जागं झालं, इतक्या दिवसांनी.

मी तोंड उघडलं आणि सवयीने शब्द बाहेर आले –

३ फेब्रुवारी

सकाळी नानांनी नाश्त्याला खाली बोलावलं. लगेच गेलो. वहिनी कालच देपालपूरहून परत आल्या आहेत. कोणाशी बोलत नाहीत. पोहे झाले होते. फाटकाशी एक माणूस उभा होता, फार वाळलेला. काकूंनी त्याच्यासाठी प्लेट भरून माझ्याकडे दिली. मी नेऊन पुढे केली. तो नको म्हणाला, आत्ताच जेवलो म्हणाला. दोनदा विचारलं, दोनदा तेच. मग ती प्लेट मी खाल्ली आणि वेळेवर कामाला गेलो.